पुन्हा बोलायला शिकलेली नटी

मैत्रिणींनो, नटीचं आयुष्य म्हणजे नुसता झगमगाट, असंच वाटतं ना आपल्याला? मग अमेरिकेच्या पॅट्रिशिया नीलची हकिगत ऐकाच. १९४७ साली टोनी पुरस्कार प्रथमच दिले गेले, त्यांत रंगभूमीवरची ही एकवीस वर्षांची मुलगी होती. १९६४ मध्ये ‘हड’ चित्रपटासाठी ऑस्करही मिळालं. पण त्याआधीच, १९६२ साली, तिची सात वर्षांची लेक गोवरानं गेली होती.

१९६५ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा ती गरोदर होती. उजवं अंग लुळं पडलं, शब्द हरवले. नवऱ्यानं, लेखक रोआल्ड डाल यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाळ्या लावून तिला रोज तासन् तास शिकवून घेतलं. ऑगस्टमध्ये ती सुखरूप बाळंत झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा पडद्यावर आली!

माझ्या मोठ्या जाऊबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा आम्हीही अशाच पाळ्या लावल्या. भाजी निवडता निवडता त्यांच्याकडून एकेका भाजीचं नाव म्हणवून घ्यायचं. आज त्या नातवंडांना नावानं हाका मारतात.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर ‘पडून राहा’ म्हणू नका. डॉक्टरांना विचारून सराव करून घ्या, त्यांचा शब्द येईपर्यंत थांबा. आणि हो, मुलांची गोवराची लस चुकवू नका, बरं का!