पुढील तारखेचा लेख

पावसाळ्याच्या ऐन भरांत बसून दिवाळीच्या पणत्यांविषयीं लिहिण्याची संवय मराठी लेखकास नवी नाहीं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून लेखकांचें पंचांग दोन-तीन महिने पुढेंच धांवत आलें आहे. परंतु त्या व्यवहारांत लेखक आणि तारीख यांच्यामध्यें एक संपादक उभा असतो. लेख केव्हां बाहेर पडावयाचा हें तो जाणतो, आणि लेखक झोंपला तरी तो जागा असतो. संपादकावांचूनही हें काम साधेल, अशा समजुतीनें आम्हीं दोन वर्षांपूर्वीं स्वतःचें एक लहानसें संकेतस्थळ उघडलें. आणि त्या समजुतीची शिक्षा आमच्याऐवजीं एका वृद्ध माणसास भोगावी लागली. ती हकीकत सांगण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे.

आमचें संकेतस्थळ 'स्थिर' जातीचें आहे. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेंत वाचकानें दार ठोठावलें म्हणजे आंत कोणी तरी उठतो, भांडारांतून मजकूर काढतो आणि पान जुळवून त्याच्या हातीं देतो. स्थिर संकेतस्थळावर असा कोणी नसतो. २००८ सालीं निघालेलें 'जेकिल' किंवा २०१३ सालीं निघालेलें 'ह्यूगो' यांसारखें साधन सर्व लेखांचीं पानें एकदांच घडवून ठेवतें. पुढें जो येईल त्यास तेंच तयार पान मिळतें. हॉटेलांतील तव्यावरचा डोसा आणि घरच्या डब्यांतील चकली यांत जो फरक, तोच येथें. चकली स्वस्त पडते, चटकन हातीं येते आणि सहसा बिघडत नाहीं. पण आज संकष्टी आहे कीं एकादशी, हें तिला ठाऊक नसतें.

या साधनांत प्रत्येक लेखाच्या माथ्यावर तारीख घालतां येते. ती पुढची असली, तर पानें घडवितांना साधन तो लेख वगळतें. येवढेंच तें करतें. ती तारीख उजाडल्यावर तें आपण होऊन उठत नाहीं. कोणी तरी 'पानें पुन्हां घडव' अशी आज्ञा दिली, तरच अडलेला लेख बाहेर येतो. तारीख लेखास अडवून धरते. त्यास बोलावून आणीत नाहीं. बोलावण्याचें काम 'क्रॉन' नांवाच्या घंटावाल्याकडे असतें. हा गृहस्थ १९७० च्या दशकापासून यूनिक्स यंत्रांवर नोकरीस आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पांच रकाने भरून दिले, कीं तो त्या त्या वेळीं सांगितलेलें काम करतो. त्याला कंटाळा नाहीं, रजा नाहीं, आणि अक्कलही नाहीं.

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं सहा लेख लिहून हातावेगळे केले. त्यांतील एक आमच्या शाळेंतील सरांविषयीं होता. जूनमध्यें त्यांचें सहस्रचंद्रदर्शन होतें. ज्यांनीं आम्हांस वाक्य कोठें थांबवावें हें शिकविलें, त्यांच्याविषयीं चाळीस वर्षांत आम्हीं एक ओळ लिहिली नव्हती. लेखाच्या माथ्यावर त्या दिवसाची तारीख आणि सकाळचे सहा घातले, घंटावाल्यासही सहाचीच वेळ दिली, सरांना फोनवरून 'सकाळीं सहा वाजतां पाहा' असें कळविलें, आणि परीक्षेच्या कामासाठीं निश्चिंतपणें परगांवीं गेलों.

रात्रीं नऊ वाजतां, कौतुकाचे दोन शब्द ऐकूं येतील या आशेनें, आम्हीं फोन केला. सर म्हणाले, "अरे, तुझा लेख अजून वर्गांत आलेला नाहीं. तीनदां हजेरी घेतली." आणि ते हंसले. पुढें त्यांच्या सूनबाईंकडून कळलें, कीं लेख ऐकावयास शेजारचे दोन वृद्ध स्नेही पहाटेच चहाला बोलाविले होते. नातू मोबाईल हातीं धरून उभा होता. सर चष्मा पुसून खुर्चींत बसले होते. साडेसातला मंडळी उठून गेली.

चूक यंत्राची नव्हती. आम्हीं सहा लिहिले. ते कोठले सहा, हें लिहिलें नाहीं. पानें घडविणारें यंत्र जागतिक प्रमाणवेळेवर चालत होतें, आणि आपली वेळ तिच्या साडेपांच तास पुढें. घंटावाल्याचे रकाने भरतांना हें आम्हांस स्मरलें होतें, म्हणून तेथें रात्रीचे साडेबारा घातले. लेखाच्या माथ्यावर मात्र विसर पडला. घंटा आपल्या सहाला बरोबर वाजली. यंत्राच्या हिशेबीं लेखाची वेळ होण्यास अजून साडेपांच तास अवकाश होता. त्यानें तो वगळला. साडेअकराला लेखाची वेळ झाली, पण तेव्हां घंटा वाजविणारें कोणी नव्हतें. १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबई शहर पुढें कित्येक वर्षें आपली ३९ मिनिटें मागची वेळ धरून बसलें होतें. त्या हट्टास आम्ही आजवर हंसत आलों. पण मुंबईकरांस निदान आपलें घड्याळ कोणतें तें ठाऊक होतें!

आतां आम्ही प्रत्येक तारखेपुढें 'अधिक ०५:३०' असा फरक लिहितों आणि घंटा दिवसांतून चार वेळां वाजवितों. तथापि घंटावालाही कायमचा नसतो. गिटहबच्या नियमाप्रमाणें, सार्वजनिक भांडारांत ६० दिवस कांहीं हालचाल न झाल्यास तेथील ठरीव वेळेची घंटा आपोआप बंद होते. म्हणजे वर्षाचे लेख भरून जो स्वस्थ झोंपतो, नेमकी त्याचीच घंटा थांबते. प्रथम हा नियम आम्हांस जाचक वाटला. आतां त्यांत शहाणपण दिसतें. लिहिणारा आहे कीं नाहीं, आणि ज्याच्यासाठीं लिहिलें तो आहे कीं नाहीं, हें तारखेला कसें कळावें? एक दिवसाचा उशीर यंत्राच्या नोंदींत एका ओळीचा असतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या सकाळी मोजक्या असतात. आणि आम्हीं तर तारीख घातली त्याच क्षणीं वचन पाळल्याचें समाधान भोगून घेतलें होतें.

दुसऱ्या दिवशीं सहाच्या घंटेला तो लेख मुकाट्यानें प्रसिद्ध झाला. सहा वाजून दहा मिनिटांनीं सरांचा फोन आला. "आला. दोन ठिकाणीं स्वल्पविराम चुकले आहेत. उशिराचें कारण लिहून आण."

यंदां त्यांच्या वाढदिवसाचा लेख महिनाभर आधींच लिहून तयार होता. पण त्यावर आम्हीं पुढची तारीख घातली नाहीं. पहाटे साडेपांचला उठलों, लेख एकवार वाचला, स्वल्पविराम तपासले, आणि पानें घडविण्याची आज्ञा स्वतःच्या हातानें दिली. मग फोन करून विचारलें, "सर, दिसतो का?"

"दिसतो," सर म्हणाले. "बैस खालीं."