घराचा वास

प्रत्येक घरास स्वतःचा असा एक वास असतो आणि तो त्या घरच्या माणसांखेरीज इतर सर्वांस येतो. नाक हे इंद्रिय मोठे व्यवहारी आहे. एकच निरोप दिवसभर येत राहिला की ते तो पुढे पोहोचविण्याचे सोडून देते. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या कोकणातील घराघरांतून जो कुबट वास नांदत असतो, त्याची वर्दी पाहुण्याकडूनच मिळावयाची. आणि पाहुणा सभ्य असला तर तोही ती तोंडाने देत नाही. ओटीवर बसता बसता त्याचा हात रुमालाकडे जातो, तो खिडकीजवळची खुर्ची पसंत करतो आणि “यंदा पाऊस बराच झाला, नाही?” असे विचारतो. जाणत्या यजमानाने या प्रश्नाचा रोख ओळखावा.

या बाबतीत मराठी भाषा फार काटेकोर आहे. पापड सादळतो, पीठ उबट होते, भाकरी बुरसते, खोली कोंदट होते आणि ट्रंकेतील लुगड्यास येतो तो कुबट वास. जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो त्या रत्नागिरीस आमचे वास्तव्य असल्यामुळे या शब्दांमधील भेद पाहण्यास आम्हांस कोश उघडावा लागत नाही. कपाट उघडले म्हणजे पुरते.

हा वास बुरशीचा. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात आणि त्यांस मज्जाव करणे कोणासही शक्य नाही. कागद, लाकूड, कापूस, कातडे, पुस्तकबांधणीचा सरस, हे सारे तिचे अन्न. म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गीयाचे घर हे तिच्या दृष्टीने वाढून ठेवलेले पानच होय. उणीव असते ती केवळ पाण्याची, आणि ती वरुणराजा पुरी करतो. जेवता जेवता ती जी वायुरूप द्रव्ये सोडते, त्यांचा हा वास. त्यांपैकी ऑक्टेनॉल नावाच्या द्रव्यास अळंबीचा वास असतो. दुसरे द्रव्य जिओस्मिन. पहिल्या पावसाने तापलेली माती भिजताच जो मृद्गंध दरवळतो त्याचा मोठा भाग या जिओस्मिनचा असतो. मातीतील सूक्ष्म जीव ते निर्माण करतात आणि काही बुरश्याही करतात. ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली मृद्गंधास ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. कनोजचे अत्तरवाले तर तो फार पूर्वीपासून कुपीत भरून विकीत आहेत. तात्पर्य, ज्या द्रव्यावर कवी जूनमध्ये लुब्ध होतात, त्याच द्रव्याने गृहिणी ऑगस्टात हैराण होतात. आता, १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत शिरलेल्या बुरशीने जगास पेनिसिलीन दिले हे खरे. तथापि तेवढ्यावरून आमच्या चपलांवर उगवलेल्या हिरव्या गोतावळ्यासही मान द्यावा असे कोणी म्हणणार नाही.

या वासावर लोक जे उपाय करतात, ते बहुधा वासावरचे असतात, ओलीवरचे नसतात. कोणी ऊद जाळतो, कोणी उदबत्तीचा पुडा संपवितो, कोणी बाजारातून फवारा आणून मोगरा शिंपडतो. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्याची चाल तर घरोघरी आहे. त्या गोळ्या कसरीस पळवितात हे खरे, परंतु भिंतीतील पाण्यास त्या काहीच करीत नाहीत; शिवाय तान्ह्या मुलांस त्यांची वाफ चांगली नव्हे. अशा उपायांनी इतकेच होते, की पूर्वी जेथे एक वास होता तेथे आता दोन होतात. वास हा निरोप आहे. निरोप्यास अत्तर लावून परत पाठविल्याने निरोप बदलत नाही.

गेल्या साली हा प्रश्न आमच्या घरी थट्टेवारी नेण्यासारखा राहिला नाही. आमचा दौहित्र पाच वर्षांचा. त्यास दम्याचा विकार आहे असे पुण्यातील वैद्यांनी निदान केले आणि ओल्या, बुरशी आलेल्या खोलीत त्यास निजवू नये अशी ताकीद दिली. ही ताकीद अवाजवी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या दोहोंचा श्वसनाच्या तक्रारींशी व दम्याशी संबंध स्पष्ट सांगितला आहे. अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडा मात्र तीत दिलेला नाही. ओल मुळातच राहू देऊ नये, असे तिचे सांगणे आहे. आमच्या कन्येने दूरध्वनीवरून सांगितले, “बाबा, गणपतीला मी येईन, पण ह्याला आणणार नाही. तुमच्या पुस्तकांच्या खोलीत रात्रभर ह्याचा जीव घुसमटतो.” घरात निजावयास दुसरी मोकळी खोली नाही. भाद्रपदात घरी गणपती यावा आणि आरतीस टाळ वाजविणारा नातू नसावा, ही कल्पना आमच्या गृहिणींस मानवेना. त्या आम्हांस एवढेच म्हणाल्या, “अहो, पुस्तके तुमची आहेत. काय ते तुम्हीच पाहा.”

पाहण्यास आरंभ भिंतीपासून केला. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, कौलारू, वडिलांनी १९६० च्या सुमारास बांधलेले. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि उघडीप मिळताच सोडतोही. त्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीस काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने, पुन्हा सफेती करावी लागणार नाही असे आश्वासन देऊन, सिमेंटचा गिलावा व त्यावर चकचकीत तैलरंग चढविला होता. कपाटे त्याच भिंतीस चिकटून होती. ती पुढे ओढली तेव्हा मागे रंगाचे फुगे आलेले व त्यांखाली काळसर नक्षी पसरलेली. गावातील एका वृद्ध गवंड्यास बोलाविले. त्याने भिंतीवर हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाला, “सर, भिंतीला प्लास्टिकचा शर्ट घातलात. घाम जाणार कुठं?” ओलीचे शास्त्र इतक्या थोडक्यात आम्ही दुसरीकडे कोठे ऐकले नाही.

पूर्वीचे लोक ही गोष्ट जाणत होते. ते वळचण लांब ठेवीत, जेणेकरून पाघोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. पावसाच्या तोंडच्या बाजूस माडाच्या झावळ्यांचे झाप बांधीत, म्हणजे भिंतीस झड लागत नसे. आणि दरसाल चुना देत. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे बुरशीस मानवत नाही, आणि त्यातून भिंतीतील वाफ बाहेर पडू शकते. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची तीव्रता हळूहळू ओसरते, म्हणूनच तो दरसाल द्यावा लागतो. जी चाल आपण केवळ सणासुदीची हौस समजत होतो, तिच्या पोटी असे रसायन होते. चुलीच्या उबेनेही माळा कोरडा राही. अर्थात म्हणून चूल परत आणावी असे आम्ही म्हणणार नाही. त्या धुरात ज्यांचे डोळे व छाती गेली त्या आमच्या आजीस कोरड्या माळ्याची ही किंमत कोणी विचारली नव्हती. मात्र चूल गेली तेव्हा तिची ऊबही गेली, आणि त्या उबेची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढणे हे पुढील पिढीचे काम होते.

गवंड्याने गिलावा खरवडला, कौले चाळली, फुटकी पन्हळ बदलली आणि जोत्यालगत साचणारे पाणी चर खणून वाटेस लावले. भिंत उघडी पडली, तरी ऐन श्रावणात ती वाळावी कशी? खिडक्या उघडा, असा सल्ला सर्व देतात. परंतु बाहेरची हवाच पाण्याने तुडुंब असता खिडकी उघडणे म्हणजे वाफेस आमंत्रण देणे होय. उघडीप पडून ऊन व वारा असेल तेव्हाच तिचा उपयोग. येथे पदार्थविज्ञान कामी येते. २५ अंशांवर संपृक्त असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापविली तर तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून सुमारे पंचाहत्तरांवर येते. हार्मोनियम वा कॅमेरा बाळगणारे लोक कपाटात विजेचा जुना पिवळा दिवा जळता ठेवीत, तो याचसाठी. आजचा नवा दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. म्हणून ती युक्तीही आता निकामी झाली. शेवटी आम्ही हवेतील पाणी काढणारे यंत्र विकत घेतले. थंड नळ्यांवरून हवा फिरवून तीतील वाफेचे पाणी करावयाचे, इतकेच त्याचे काम. पहिल्या रात्री त्याच्या डब्यात तीन लिटर पाणी जमले. आमच्या गृहिणींनी ते अंगणातील कर्दळीस घातले. ज्या हवेत आपण रोज निजत होतो, तीतून निघालेले ते पाणी पाहून घरात कोणीच काही बोलले नाही. आता आर्द्रता साठांच्या खाली ठेवावयाची असा आमचा दंडक आहे, आणि ती मोजणारे घड्याळाएवढे उपकरण भिंतीवर टांगले आहे.

बुरशी पुसून काढण्याचे काम त्यामानाने सोपे. नाकातोंडास मुखपट्टी बांधावी, हातांत मोजे घालावेत, साबणाच्या पाण्याने भिंत व लाकूड धुवावे आणि लगेच कोरडे करावे. कोरडी बुरशी फडक्याने झटकू नये, कारण तिचे बीजाणू सर्व खोलीभर उधळतात. निरनिराळी जंतुनाशके एकमेकांत मिसळून तर मुळीच वापरू नयेत. त्यांतून विषारी वायू निघू शकतो. गाद्या, उशा, जाड सतरंज्या यांत बुरशी खोल गेली असेल तर त्यांचा मोह सोडावा.

मोहाचा खरा प्रश्न पुस्तकांचा होता. पडवीत त्यांचे तीन ढीग केले: निरोगी, वाळवून वाचतील असे, आणि गेलेले. पहिला ढीग करण्यास एक दिवस लागला, तिसरा करण्यास आठ. महाविद्यालयात आम्ही वापरलेले शेक्सपिअरचे खंड तिसऱ्या ढिगात गेले. ते आज कोठेही मिळतात. आमची तीस वर्षांपूर्वीची व्याख्यानांची टिपणेही गेली. प्राध्यापकाच्या जुन्या टिपणांसही असाच वास असतो व तोही केवळ वर्गातील मुलांसच येतो, असे आमचे एक स्नेही म्हणत असतात; तेव्हा त्यांविषयी शोक केला नाही. अडले ते एका वहीपाशी. आमच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने त्या घराचा जमाखर्च तीत मांडला होता: चिरे किती, कौले किती, गवंड्यास रोज किती. पुठ्ठा व शिवण बुरशीने खाल्ली होती. आम्ही अंगणात बसून एकेका पानाचे छायाचित्र घेतले. सारी पाने टिपून झाल्यावर वही बांधून गेलेल्यांच्या ढिगावर ठेवली. वडिलांचे अक्षर त्या चित्रांत शाबूत आहे; कागदाचा स्पर्श नाही. ज्या मनुष्याने नातवंडे नांदावीत म्हणून घर बांधले, त्याच्या वहीपायी त्याच घरात पणतवाचा श्वास अडकावा, हे त्यांस रुचले नसते, अशी आमची खात्री आहे.

मधल्या ढिगातील पुस्तके पंख्याच्या वाऱ्यात उभी उघडून वाळविली, मऊ कुंचल्याने अंगणात साफ केली आणि आता ती भिंतीपासून वीतभर अंतरावर मांडली आहेत. जैन ज्ञानभांडारांतून कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, पोथ्या बाहेर काढून झाडपूस करण्याची चाल आहे. पाऊस सरून हवा कोरडी होते ती हीच वेळ. ज्यांनी शतकानुशतके ग्रंथ राखले त्यांनी ज्ञानाच्या पूजेतच हवापालटाची सोय करून ठेवली, यात मोठे शहाणपण आहे. आम्हीही तो दिवस धरला आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी नातू आला आणि त्याच खोलीत निजला. त्या रात्री आमच्या गृहिणी दोनदा उठल्या आणि आम्ही तीनदा. दिवा न लावता दाराशी उभे राहून त्याचा श्वास ऐकला. तो संथ चालला होता. एवढ्यावरून रोग गेला असे कोणी समजू नये. त्याचे औषध चालू आहे आणि वैद्यांच्या सल्ल्यानेच चालणार. ओलीचेही तसेच. पाऊस पुढल्या साली पुन्हा येईल, जांभा पुन्हा पाणी पिईल, आणि चुन्याची तीव्रता तोवर ओसरलेली असेल. गवंड्यास वैशाखातच सांगून ठेवले पाहिजे. ज्येष्ठ लागला की तो कोणास मिळत नाही.