बत्तीस जागांमधला ळ

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या काकूने घर आवरायला काढलं आणि माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला. आत सव्वापाच इंची अकरा फ्लॉप्या. काका शाळेत गणित शिकवायचे. लेबलांवर त्यांचंच वळणदार अक्षर. "तुला उपयोग असेल तर ने, नाहीतर रविवारी गुजरीवाला येतोच आहे," काकू म्हणाली. एका लेबलावर निळ्या शाईत लिहिलं होतं : 'मराठी अक्षरे'. खोका त्याच दिवशी माझ्या घरी आला.

या फ्लॉप्या बीबीसी मायक्रोच्या. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेला हा घरगुती संगणक. त्याच्या 'बी' मॉडेलची स्मृती होती अवघी ३२ किलोबाइट. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून तो भारतातल्या शाळांमध्ये पोचला आणि अनेक शिक्षकांनी आयुष्यातला पहिला कीबोर्ड त्यावरच बडवला. शाळा सुटल्यावर काका संगणकाच्या खोलीत थांबायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे ते काय करत, हे कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवात चुकीने झाली. जुना ड्राइव्ह मिळाल्याच्या आनंदात मी पहिलीच फ्लॉपी तशीच आत सरकवली. ड्राइव्हमधून खरखर ऐकू आली. बाहेर काढून उजेडात धरली, तर तपकिरी चकतीवर एक लखलखीत वर्तुळ उमटलेलं. बुरशीचे कण हेडखाली सापडले होते आणि त्यांनी चुंबकीय लेपच खरवडून काढला होता. त्या वर्तुळावर जे काही लिहिलेलं होतं, ते कायमचं गेलं. ती फ्लॉपी मी अजून टेबलावर समोरच ठेवली आहे.

पुढच्या दहा फ्लॉप्यांसाठी महिनाभर तयारी चालली. एस. पी. रोडवरच्या गल्ल्यांमध्ये जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत; तिथून ३४ तारांची पट्टी केबल आणि १२ व ५ व्होल्टचा वीजपुरवठा मिळाला. यूएसबीला जोडायचे तयार फ्लॉपी ड्राइव्ह इथे कामाचे नाहीत. ते साडेतीन इंची चकतीसाठी असतात आणि बीबीसी मायक्रोची जुनी, विरळ लेखनपद्धत त्यांना कळत नाही. म्हणून कीर फ्रेझर यांनी रचलेलं 'ग्रीझवीझल' हे छोटं सर्किट मागवलं. ते फाइल वाचायच्या भानगडीत पडत नाही. चकती फिरताना चुंबकीय दिशा किती किती वेळाने पालटते, तेवढं ते टिपून ठेवतं. त्यातून अक्षरं आणि आकडे काढायचं काम नंतर, सावकाश, कितीही वेळा करता येतं. फ्लॉपी मात्र एखाददुसऱ्या वेळीच फिरवावी लागते आणि बुरसटलेल्या चकतीच्या बाबतीत सगळा फरक तिथेच पडतो.

प्रत्येक फ्लॉपीला वेगळी पूर्वतयारी. वेष्टनाच्या खिडकीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने टेकवायचा, मधलं भोक धरून चकती थोडी थोडी फिरवायची, दोन्ही बाजू पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायची. एक फ्लॉपी वाचून झाली की ड्राइव्हचं हेडही पुसायचं. चाळीस ट्रॅक, प्रत्येकात दहा सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट : एका बाजूचे जेमतेम १०० किलोबाइट. मोबाइलवरचा एखादा फोटोही त्यात मावणार नाही. तरी शेवटचा ट्रॅक वाचून होईपर्यंत मी खुर्चीवरून उठत नव्हतो.

दहापैकी आठ पूर्ण वाचल्या गेल्या, दोनांत खिंडारं राहिली. दोन चकत्यांवर खेळ होते. त्यांपैकी एक 'एलिट', डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा १९८४ मधला गाजलेला खेळ. त्याच्या प्रती जगभरच्या हौशी लोकांनी केव्हाच जपून ठेवल्या आहेत. माझी फ्लॉपी वाचली नसती तरी त्याचं काही बिघडलं नसतं. नामवंतांचं नशीबही दर वेळी इतकं बलवत्तर नसतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ कोड जॉर्डन मेकनर यांना २०१२ मध्ये सापडला, तोही वडिलांनी जुन्या फ्लॉप्यांचा खोका पाठवला म्हणून. 'मराठी अक्षरे'ची तर जगात ही एकच प्रत होती.

बीबईएम हा एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर उभा केलेला बीबीसी मायक्रो. त्यात 'मराठी अक्षरे'च्या फ्लॉपीची वाचलेली प्रत चढवून मी प्रोग्रॅमच्या ओळी मागवल्या. 'व्हीडीयू २३' ही एकच आज्ञा पानभर खाली उतरत गेली. तिच्यापुढे अक्षराचा क्रमांक आणि आठ आकडे : आठ बाय आठ चौकटींच्या जाळीतल्या आठ ओळी. काकांनी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून, त्यांची बेरीज करून एकेक अक्षर घडवलं असणार. जवळपास प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा २५५ होता. २५५ म्हणजे ओळीतल्या आठही चौकटी भरलेल्या. कारण कळायला मला एक क्षण लागला : ती शिरोरेघ होती. अक्षरं शेजारीशेजारी आली की रेघ आपोआप सलग होते.

त्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन काकूकडे गेलो. क्रमांक २२४ पासून २५५ पर्यंत, फक्त ३२ जागा होत्या. मराठी वर्णमाला त्यात मावणं शक्य नव्हतं. ङ आणि ञ काकांनी गाळले होते, काना-मात्रेला तर जागाच उरली नव्हती. पण एक जागा त्यांनी ळ साठी राखली होती. प्रोग्रॅम सुरू केला. काळ्या पडद्यावर आधी क आला, मग म, मग ळ, आणि वर एक अखंड रेघ. काकूने चष्मा सारखा केला आणि पहिलीतल्या मुलीसारखं मोठ्याने वाचलं, "कमळ."