माणूस 'एक्सपायर' कसा होतो?

आमचे वडील दवाखान्यात होते. पहाटे डॉक्टर बाहेर आले, "सॉरी, ही इज नो मोअर" म्हणाले आणि निघून गेले. आईला काही कळले नाही. मागून वॉर्डबॉय म्हणाला, "पेशंट एक्सपायर झालाय, बॉडी कधी नेणार?" आई आमच्याकडे पाहत म्हणाली, "अरे, औषध एक्सपायर होतं. माणूस कसा होईल?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. उलट नातेवाईकांना फोन करताना आम्हीही "बाबा ऑफ झाले" असेच सांगितले. 'वारले' म्हणताना घसा दाटतो, परका शब्द तेवढा टोचत नाही. दुःखात माणसाने असा आडोसा घेतला तर आमची हरकत नाही. हरकत आहे ती त्याच आडोशामागे जबाबदार माणूस लपतो तेव्हा.

मुलांची शिष्यवृत्ती 'पेंडिंग' असते. कोणी अडवली, हे त्या शब्दात नाही. आम्ही शहरात भाड्याने खोली पाहायला गेलो. आडनाव ऐकल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "सॉरी, ऑलरेडी बुक झाली." 'टु लेट'ची पाटी पुढच्या महिन्यातही तिथेच होती. आणि घरी येऊन आम्ही काय सांगितले? "काही अ‍ॅडजस्ट झालं नाही." 'जात आडवी आली' हे साधे मराठी वाक्य आमच्याही तोंडातून निघाले नाही. झाकण त्यांनी घातले, वर दगड आम्ही ठेवला!

हेच सरकारी कागदावर होते तेव्हा काय घडते ते पाहा. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यासही त्याच कायद्याने बंदी आहे. तरीही २०२१ साली केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की 'मॅन्युअल स्कॅव्हेंजिंग'मुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. मग गटारात गुदमरून मेलेले कुठे गेले? ते 'हझार्डस क्लीनिंग' नावाच्या दुसऱ्या रकान्यात गेले. रकाना बदलला आणि उतरवणाराही सुटला, पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींनाच उतरवणारी व्यवस्थाही सुटली.

याचा अर्थ इंग्रजी आपली वैरी आहे, असा कोणी काढू नये. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला आणि १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत लिहिले. त्या नावात काही झाकलेले आहे का? दोन्ही भाषांत त्यांनी रोगाला रोगच म्हटले. प्रश्न भाषेचा नाही, ती कशासाठी वापरली याचा आहे.

म्हणून बांधवांनो, असे गुळगुळीत वाक्य कानावर आले, की दोनच प्रश्न विचारा: कोणी केले? कोणावर केले? 'पेंडिंग' आहे ना, मग कोणाच्या टेबलावर? 'बुक झाली' ना, मग कोणाला दिली?

हे आम्हाला आईने शिकवले. वडिलांविषयी कोणी विचारले, की ती आजही म्हणते, "बेडसाठी दोन दिवस फिरवलं त्यांनी, म्हणून गेले हे." तिच्या वाक्यात 'बेड' हा शब्द इंग्रजीच आहे. पण फिरवणारेही त्यातच आहेत.

जय भीम!