सुरतेचे आकाश आणि मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स

सुरत म्हटले की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली लुटलेली मोगलांची श्रीमंत पेठ आणि दुसरी लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या. तारे बघायला सुरतेला चाललो, असे कुणी म्हणाले तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतील! पण वाचकहो, बेळगावच्या आणि सुरतेच्या आकाशात एक मजेदार अदलाबदल आहे.

बेळगाव सुमारे १६ अक्षांशावर, तर सुरत सुमारे २१ अक्षांशावर. ज्या गावाचा जो अक्षांश, तितकेच अंश ध्रुवतारा तिथल्या क्षितिजाच्या वर असतो. म्हणजे बेळगावात ध्रुव १६ अंशांवर आणि सुरतेत २१ अंशांवर. दक्षिणेच्या अगस्तीचे नेमके उलटे आहे. बेळगावात तो जास्तीत जास्त २१ अंश चढतो, सुरतेत १६ अंशच. हात लांब करून मूठ आवळली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. बेळगावात ध्रुव दीड मूठ आणि अगस्ती दोन मुठी. सुरतेत हाच हिशेब उलटा मांडायचा.

हे सारे सुचायला कारण झाला आमचा भाचा. आमची अक्का, म्हणजे थोरली मावसबहीण, मूळ बेळगावची. लग्न होऊन खानदेशात गेली आणि पुढे यजमानांच्या कामानिमित्त सुरतेत स्थायिक झाली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरा, खानदेशी मराठी कानावर पडतेच. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. भुसावळ, जळगाव, नंदुरबारहून येणारी तापी काठची रेल्वे उधन्याला पोचते आणि तिच्याबरोबर दोन-तीन पिढ्यांची माणसेही पोचली. आपल्याकडूनही बेळगाव, मिरज, पुणे करत सुरतेवरून पुढे राजस्थानला जाणाऱ्या गाड्या आहेत.

भाचा कापड बाजारात हिशेबनीस आहे. साठवलेल्या पैशांतून त्याने मामिया आरबी ६७ हा जुना मोठा कॅमेरा घेतला. हा १९७० साली निघालेला, लेन्ससह अडीच किलोच्या वर भरणारा गडी. १२० चा रोल घातला की दहाच फोटो निघतात, पण एकेक निगेटिव्ह सुमारे ५६ बाय ७० मिलिमीटरची. शटर लेन्समध्येच आणि पूर्ण यांत्रिक, त्यामुळे रात्री तासभर उघडे ठेवले तरी बॅटरी लागत नाही. सोबत ९० मिलिमीटरची नेहमीची लेन्स मिळाली होती. आकाशासाठी रुंद लेन्स हवी, ती ५० ची घ्यावी की ६५ ची, हा त्याचा प्रश्न. ‘मामा, पुस्तकात तर म्हणतात जितकी रुंद तितकी चांगली. ५० चीच घेतो,’ असे त्याचे म्हणणे. त्यात अक्काच्या घराच्या डागडुजीचे पैसे अडकणार होते, म्हणून घरात जरा धुसफूसही होती.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. लेन्सची लांबी भागिले एफ-आकडा केले की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास निघतो. ५० ला साडेचारने भागले की ११ मिलिमीटर. ६५ ची जुनी लेन्सही एफ ४.५ चीच, तिचे छिद्र १४ मिलिमीटरहून थोडे जास्त. साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावर ५० इतकीच रुंद दिसणारी लेन्स २४ ची. तिचा एफ-आकडा २.८ असला तरी छिद्र साडेआठच मिलिमीटर. ताऱ्याचा ठिपका किती उजळेल हे या छिद्रावर ठरते. मागचे आकाश किती उजळेल हे मात्र एफ-आकड्यावर ठरते. म्हणून शहराच्या उजेडात मोठ्या फिल्मच्या मंद लेन्सचा उलट फायदाच होतो. ताऱ्याची रेघ किंचित फिकी येते, पण मागचे धुरकट आकाश निम्म्याहूनही कमी उजळते. मंद लेन्स म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

पण हे फिल्मचे गणित. डिजिटल मीडियम फॉरमॅट घेऊन आकाशगंगेचे झटपट फोटो काढायचे असतील तर हिशेब बदलतो. फुजीच्या जीएफएक्स मालिकेतली २३ मिलिमीटर एफ ४ लेन्स उत्तम आहे, पण तिचे छिद्र सहा मिलिमीटरही भरत नाही. त्यापेक्षा लहान कॅमेऱ्यावरची २४ मिलिमीटर एफ १.४ ची लेन्स सतरा मिलिमीटरची आहे. सेन्सर मोठा घेतला की तारे आपोआप जास्त येतात, हा समज खरा नाही.

आता रुंदीचे बघू. लंडनमध्ये ध्रुव साडेएकावन्न अंशांवर असतो. तिथे खालचे झाड आणि वरचा ध्रुव एकाच चौकटीत हवा असेल तर ५० सारखी लेन्स हवीच. परदेशी पुस्तके त्या आकाशाखाली लिहिलेली असतात. आपल्याकडे ध्रुव सोळा ते एकवीस अंशांवर, अगस्तीही तितकाच. आरबीवर ६५ ची लेन्स आडव्या चौकटीत खालून वर सुमारे ४६ अंश पकडते. तळाशी पाच अंश जमीन ठेवली तर चौकटीचा मध्य अठरा अंशांवर येतो, म्हणजे सुरतेचा ध्रुव जवळजवळ मधोमध! ५० ने वरचे रिकामे आकाश तेवढे वाढेल आणि ध्रुवाभोवतीची वर्तुळे लहान होतील. भाचा कागदाकडे बघत राहिला. ६५ ची लेन्स बाजारात सहसा स्वस्तही मिळते, हे अक्काला जास्त पटले.

मग जागा कोणती? सुरतेला समुद्र जवळ आहे. डुमसची काळी वाळू प्रसिद्धच, पण समोर हजिऱ्याच्या कारखान्यांचा उजेड आणि मागे शहर. १६१२ साली इंग्रज-पोर्तुगीजांची आरमारी लढाई झाली ते सुवाली पश्चिमेकडे जरा मोकळे आहे, पण हजिरा तिथेही शेजारीच. या उजेडाचा एकच उपयोग झाला. अंधुक व्ह्यूफाइंडरमध्ये तारा नीट दिसत नाही, म्हणून लांबच्या दिव्यावर फोकस जुळवून घेतला. वाळू मात्र कॅमेऱ्याच्या भात्यात जाऊ देऊ नका.

खरा अंधार पूर्वेला. डांगच्या जंगलात आणि सापुताऱ्याच्या पठारावर तो भरपूर मिळतो. हा डांग १९६० साली कुणाकडे जावा यावर वाद झाला आणि तो गुजरातकडे गेला. सीमेची गोष्ट निघाली की आपले कान टवकारतातच! त्याच तापी मार्गावर नवापूर स्टेशन आहे, त्याचा एकच फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आम्ही त्याच्या अलीकडे, सोनगढला उतरलो. पिलाजीराव गायकवाडांचे हे ठाणे, बडोद्याच्या आधीचे. स्टेशनचे नाव उकाई-सोनगढ. हिवाळ्याचे दिवस होते, पावसाळ्यात इकडे येण्यात अर्थ नाही. किल्ल्याच्या पायथ्याला ओळखीच्यांच्या शेतात तिपाई मांडली. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात म्हणून छिद्र एक घर बारीक केले, एफ ६.३ वर आणले. काळी-पांढरी फुजी अॅक्रॉस घातली. लांब वेळ द्यायला ही फिल्म चांगली, दोन मिनिटांपर्यंत तर वेळ वाढवावाच लागत नाही आणि पुढेही थोडाच. दव बसू नये म्हणून लेन्सला लोकरी मोजा गुंडाळला. तासभरात आकाश पंधरा अंश फिरते, तेवढी कमान पुरे.

शटर उघडल्यावर कुणाला काम उरले नाही. अक्का पदर डोक्यावर घेऊन खाटेवर आडवी झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘लहानपणी शेजारच्या काकू म्हणायच्या, चुक्की मोजू नकोस. आपण चांदण्या म्हणायचो, त्या चुक्की म्हणायच्या. डिंडोलीच्या गच्चीवर मोजण्याइतक्या उरल्यात, इथे जमतच नाही.’ कृत्तिकांचा पुंजका तिने स्वतः शोधून दाखवला. सुरतेत सिटीलाइट रस्त्यावर विज्ञान केंद्राचे चांगले तारांगण आहे, नातवंडे तिथे जातात. पण डोक्यावरचे खरे आकाश आजी दाखवते तेव्हा मुले प्रश्न वेगळे विचारतात. ‘हे आपल्या घरून का दिसत नाही?’ याचे उत्तर कुणाला लगेच देता आले नाही.

फोटो उत्तम आला. किल्ल्याची काळी कड, वर ध्रुवाभोवती बारीक कमानी. तुमच्या घरात कुणाला हा नाद असेल तर आधी गावाचा अक्षांश काढा, अंधाराची जागा ठरवा आणि मगच लेन्सला पैसे द्या. येत्या फेब्रुवारीत भाचा कॅमेरा घेऊन बेळगावला येणार आहे. रात्री नऊच्या सुमाराला अगस्ती दक्षिणेला सर्वांत उंच असतो, तेव्हा त्याचा फोटो काढायचा. लेन्स तीच ६५ ची आणि चौकटही जवळजवळ तीच. कॅमेऱ्याचे तोंड तेवढे उत्तरेकडून दक्षिणेला वळवायचे. अक्काही येते म्हणाली आहे.