बादशहा, खलिफा आणि इस्लामपूरची कचेरी

पहिलं महायुद्ध संपल्यावर सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांत सरकारने दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यातले इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, फक्त आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा मृतांचा आकडा ४६ सांगतात. ते गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता आणि त्याची कचेरी इस्लामपुरात. (२०२५ साली सरकारने या गावाचं नाव ईश्वरपूर करायचं जाहीर केलं. जिथे संभूआप्पा आणि बुवाफन यांची यात्रा जोडीने भरते, त्या गावाच्या नावाला अडचण कसली होती, हा वेगळा लेखाचा विषय आहे.)

पाटीवरच्या आकड्यात धर्म दिसत नाही. पण मराठा पलटणींत मराठ्यांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. घरात दखनी, बाजारात मराठी, जमीन तुटपुंजी, पावसाचा भरवसा नाही. मुलाणी, शिकलगार, पिंजारी, मुजावर यांच्या घरात धाकट्या मुलाला पलटणीत धाडणं हा इमान-बिमानाचा नाही, पोटाचा हिशेब होता. पगार घरी यायचा आणि पुढे पेन्शन मिळायची. बादशहा कोण, कुठे राहतो, हे नाण्यावर दिसायचं तेवढंच.

या माणसांना बसऱ्याला नेलं. पुणे डिव्हिजन कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकली, १४७ दिवस उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ला तुर्कांना शरण गेली. त्यात मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्यांतले किती तरी जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मेले. आता यातला पेच बघा. समोरची फौज तुर्कस्तानच्या सुलतानाची होती, म्हणजे खलिफाची. हिंदुस्थानातल्या अनेक मशिदींत जुम्म्याच्या खुतब्यात त्याच सुलतानाचं नाव दुआत घेतलं जायचं. ज्याच्यासाठी गावात हात उठायचे, त्याच्यावर शिपाई बंदूक रोखून उभा होता.

एका व्याख्यानानंतर एक निवृत्त गुरुजी माझ्याजवळ आले. माणूस सज्जन, बोलणं मवाळ. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण खिलाफतीच्या वेळीही तुमच्या लोकांचं मन बाहेरच होतं ना?" मी म्हटलं, "गुरुजी, मनाचं नंतर बघू. वाळव्याची माणसं बसऱ्यापर्यंत नेली कोणी?" ते हसले, विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला नाही.

कारण खिलाफतीचं गाऱ्हाणं मुळात साम्राज्याच्या हिशेबातलंच गाऱ्हाणं होतं. जानेवारी १९१८मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर सांगितलं होतं की कॉन्स्टँटिनोपल आणि तुर्कांची मूळ भूमी त्यांच्याकडून घ्यायची नाही. त्या शब्दावर मुसलमान शिपाई लढला. ऑगस्ट १९२०मध्ये सेव्हरच्या तहाने तो शब्द मोडला. सरकार, तुमचं मीठ आम्ही खाल्लं, आता तुम्ही तुमचा शब्द पाळा, हे म्हणणं बाहेरच्या माणसाचं नसतं. घरातल्या हिस्सेदाराचं असतं. दिल्लीच्या सरकारलाही हे कळत होतं. तुर्कस्तानशी नरमाईने वागा, अशी दिल्लीची तार प्रसिद्ध केली म्हणून भारतमंत्री माँटेग्यू यांना मार्च १९२२मध्ये खुर्ची सोडावी लागली.

त्याच्या आधीच्या वर्षी, जुलै १९२१मध्ये, कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला होता की ब्रिटिश फौजेत नोकरी करणं मुसलमानाला हराम आहे. मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली यांना त्यासाठी दोन वर्षांची सजा झाली. त्यांच्याबरोबर आरोपींत शारदापीठाचे शंकराचार्यही होते, ते सुटले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, साताऱ्यावर आणि कराचीवर गव्हर्नर एकच. त्या ठरावाची बातमी इस्लामपूरच्या कचेरीत पेन्शनीच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिपायाच्या कानावर पडली असेल, तर त्याने काय केलं असेल? मला वाटतं, त्याने पेन्शन घेतली असेल आणि परत जाताना खिलाफत फंडाला दोन आणेही दिले असतील. यात मला दुटप्पीपणा दिसत नाही. पेन्शन त्याच्या जखमेची होती.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२२मध्ये, चनाक इथे ब्रिटिश आणि तुर्की फौजा पुन्हा समोरासमोर आल्या आणि लंडनने डोमिनियन देशांकडे सैन्य मागितलं. न्यूझीलंड लगेच तयार झालं. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी मात्र कळवलं की ते आमची पार्लमेंट ठरवेल. कॅनडाचा इतिहास या उत्तराला राष्ट्र वयात आल्याची खूण मानतो. आता कराची आणि ओटावा शेजारी ठेवून बघा. बादशहा एकच, शत्रू एकच, आणि तुमच्या लढाईत आमची माणसं आम्हाला न विचारता जाणार नाहीत, हे म्हणणंही फार वेगळं नाही. ओटावात त्याला राष्ट्रीय अस्मिता म्हणतात, कराचीत त्याला दोन वर्षांची कैद मिळते. हिंदुस्थानने त्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त माणूस समुद्रापार पाठवला होता. व्हर्सायच्या तहावर त्याची स्वतंत्र सही होती, राष्ट्रसंघात जागा होती. घरात मात्र त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

डिसेंबर १९२१मध्ये अहमदाबादच्या काँग्रेसमध्ये मौलाना हसरत मोहानी यांनी पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. गांधीजींनी विरोध केला, मागणी पडली. पुढे १९२८च्या नेहरू अहवालात डोमिनियनचा दर्जाच मागितला गेला आणि पूर्ण स्वराज्याचा ठराव व्हायला लाहोर, १९२९ साल उजाडावं लागलं. गुरुजी भेटले की त्यांना हे एवढं एक सांगायचं आहे. ज्यांचं मन बाहेर होतं म्हणतात, त्यांच्यातल्याच एकाने साम्राज्याची दोरी कापायची भाषा आठ वर्षं आधी केली होती.

खिलाफत चळवळीवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. पुढाऱ्यांनी लाखो गरिबांचा जीव अशा गोष्टीत अडकवला, जिची दोरी अंकाराच्या हातात होती. ३ मार्च १९२४, सोमवारी, तुर्कांच्या असेंब्लीने खिलाफतच बरखास्त केली. शुक्रवारी खुतबा होता. त्या जुम्म्याला कोणाचं नाव घ्यायचं, याचं उत्तर गावोगावच्या पेशइमामांनी कुठून आणायचं होतं? मुंबईत परिषदा भरवणाऱ्यांना तारा येत होत्या. खेड्यातल्या मुलाण्याला कोणी काही समजावायला आलं नाही. शाळा, कर्ज, जमीन यासाठी तीच माणसं एकत्र आणली असती तर, असं मनात येतं. गंमत अशी की ज्या केमालने खिलाफत मोडली त्याच्यावर लोकांनी राग धरला नाही. तुमच्याही घरातल्या बुजुर्गांची नावं आठवा, अन्वर आणि कमाल त्या पिढीत किती सापडतात बघा.

मग १९३१ साल. १२ जानेवारीला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. बरोबर एक महिन्याने, १२ फेब्रुवारीला, लॉर्ड आयर्विन यांनी दिल्लीत युद्धस्मारकाचं उद्घाटन केलं. त्यालाच आपण इंडिया गेट म्हणतो. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. आणि ११ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरचा कायदा झाला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड, न्यूफाउंडलंड यांची पार्लमेंटं लंडनच्या बरोबरीची ठरली. त्या यादीत हिंदुस्थान नाही. एकाच वर्षात आपल्या वाट्याला स्मारक आलं आणि फाशी आली. बरोबरी तेवढी आली नाही.

वाळव्याच्या लोकांनी ती वाट पाहणं तोवर सोडलं होतं. १९३०मध्येच शिराळ्याकडच्या बिळाशीने जंगल सत्याग्रह करून सागाच्या सोटावर झेंडा चढवला होता. १० सप्टेंबर १९४२ला मोर्चा इस्लामपूरच्या कचेरीवर आला. तसा हा काळ दोन युद्धांच्या मधला नाही, पण हिशेब तोच होता. पोलिसांनी गोळी चालवली. किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे तिथे पडले. त्याच वेळी जिल्ह्यातली पोरं पुन्हा पलटणीत भरती होत होती, पुन्हा समुद्रापार जात होती. त्यांचे बाप महिन्याच्या पेन्शनीला याच कचेरीत येत.