किडनी धरली का?

ऐंशीच्या दशकात सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाला किडनी बसवली की सगळा बोळ एकच विचारायचा, ‘धरली का?’ आमच्या शेजारच्या काकूंनी थोरल्या मुलाला आपली किडनी दिली, मुंबईला जाऊन. आईचीच आहे म्हटल्यावर धरणारच, याबद्दल बोळात कुणाच्या मनात शंका नव्हती. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण 1971 मध्ये वेल्लोरला झालं होतं, म्हणजे विद्या तशी कोवळीच. पण आमचा भरवसा नात्यावर होता.

तो मुलगा, म्हणजे आमचा दादा, परतला तेव्हा प्रेडनिसोलोनने त्याचा चेहरा गरगरीत सुजलेला. सोबत अ‍ॅझाथायोप्रिन. ही औषधं किडनीवर चालून येणाऱ्या पांढऱ्या पेशींना आवरत, पण त्याच पेशी साध्या तापाशी लढतात, तीही ताकद जाई. ते ओळखून बोळ वागे. सर्दी झालेलं पोर त्यांच्या पायऱ्या चढत नसे. पाणी उकळून, गाळून ठेवायला शेजारणी पाळीने येत. कारखान्यातल्या माणसांनी पगारातून वर्गणी काढून औषधं आणली. गड्ड्याच्या जत्रेत दादाला जाता येत नसे, म्हणून जत्रेतला खाऊ घरी यायचा. त्या माणसांची मला आजही फार आठवण येते.

एका श्रावणात दादाची लघवी कमी झाली, क्रिएटिनिन चढलं, ओटीपोटात बसवलेल्या किडनीची जागा दुखू लागली. स्टेरॉइडच्या मोठ्या इंजेक्शनांनी तेव्हा निभावलं. पुढच्या खेपेला निभावलं नाही. काकू ओट्यावर बसून म्हणत, ‘माझंच कायतरी कमी पडलं बघा.’

त्यांना तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं, त्यातल्या निम्म्याच मुलाला आईकडून मिळतात. तिच्या उरलेल्या निम्म्या खुणा त्याच्या शरीराला परक्याच. सख्ख्या भावंडांतही पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक. बोस्टनला 1954 मध्ये जोसेफ मरे यांचं प्रत्यारोपण टिकलं, कारण देणारा-घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. यात मायेचा कमी-जास्तपणा कुठेच येत नाही.

आज त्याच बोळात एका वहिनींची किडनी त्यांच्या नवऱ्याला बसवली आहे, रक्ताचं काही नातं नसताना. नॉर्वेतल्या मातीतल्या बुरशीपासून आलेलं सायक्लोस्पोरिन 1983 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि चित्र पालटलं. पाठोपाठ जपानच्या मातीतून टॅक्रोलिमस आलं. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी मोबाइल वाजतो, गोळी घेतली जाते, रक्तातली टॅक्रोची पातळी तपासली जाते. घरचा दाता नसेल तर पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत नाव लागतं. औषधांच्या बाबतीत मला जुने दिवस मुळीच नकोत. पण या वहिनींचं दार दिवसभर बंद असतं, पाणी उकळायला कुणी येत नाही, याचं वाईट वाटतं.

शिवाय टॅक्रोलिमस जन्मभर घ्यायचं, आणि ते वर्षानुवर्षं घेतलं तर त्याच किडनीला इजा करू शकतं. म्हणून खरी आस आहे ती शरीराने दुसऱ्याचा अवयव औषधांवाचून पत्करण्याची. पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवलं, की जन्माआधी दुसऱ्याच्या पेशींची ओळख झालेला उंदीर पुढे त्याच उंदराची त्वचा नाकारत नाही. मोठ्या माणसात हे कसं घडवायचं? अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदींनी दात्याच्या मूलपेशी देऊन प्रयत्न केले. परदेशात अशाच वाटेने काही मोजक्या रुग्णांच्या गोळ्या थांबल्याही. स्वतःच्या शरीरावरचे हल्ले रोखणाऱ्या नियामक पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये ओळखल्या, त्या कामाला 2025 चं नोबेल मिळालं. याच पेशी वाढवून प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देऊन पाहण्याच्या चाचण्या चालू आहेत.

वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, ‘मग ह्यांच्या गोळ्या कधी बंद होतील?’ एवढ्यात नाही, असंच मला सांगावं लागलं. गोळी एकही चुकवू देऊ नका, हेही बजावलं.